घरातील कुत्र्याला कर्करोग झाला तर



रोश होदेशच्या बैठकीत आरोग्याविषयी चार शब्द सांगण्याचे काम मंडळाने अनेक वर्षे माझ्याकडे सोपविले आहे. आजवर मी रक्तदाब, मधुमेह, उतारवयात पडण्यापासून घ्यावयाची काळजी अशा विषयांवर बोलत आले. आजचा विषय माणसाच्या आजाराचा नाही. गेल्या वर्षभरात आपल्यापैकी तीन कुटुंबांनी मला दूरध्वनी करून, काहीशा संकोचाने, एकच प्रश्न विचारला: "आमच्या कुत्र्याला कॅन्सर निघाला आहे, आता काय करायचं?" संकोच असा की, माणसांची दुखणी कमी आहेत का, की कुत्र्याचे विचारावे! तो संकोच दूर व्हावा म्हणून हा विषय मी स्वतःहून मागून घेतला.

मी पशुवैद्य नाही. मुंबईस परिचर्येची पदविका घेतली, या देशात आल्यावर तीस वर्षांहून अधिक काळ इस्पितळात नोकरी केली आणि त्यातील शेवटची अकरा वर्षे कर्करोगाच्या वॉर्डात काढली. पुढे आमच्या मोतीला कर्करोग झाला तेव्हा तेरा महिने त्याची शुश्रूषा केली. या दोन अनुभवांच्या आधारे मी बोलणार आहे. औषध कोणते आणि किती, हे ठरविण्याचा अधिकार मात्र पशुवैद्याचाच.

आपल्या पिढीतील पुष्कळांचे बालपण जुन्या कुलाबा जिल्ह्यातील गावांत गेले. तेथे कुत्रा अंगणातला असे. उरलीसुरली भाकरी खाई, रात्री भुंके, आणि म्हातारा झाला की एके दिवशी दिसेनासा होई. त्याला काय झाले होते, हे कोणी विचारीत नसे. येथे तोच प्राणी तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात, आपल्या पलंगाच्या पायथ्याशी झोपतो. त्याला लसी मिळतात, वेळेवर अन्न मिळते, म्हणून तो दीर्घकाळ जगतो. कर्करोग हा प्रामुख्याने उतारवयाचा रोग. आपण त्याला त्या वयापर्यंत पोहोचविले, म्हणून आता हा रोग आपल्याला दिसू लागला आहे.

मुक्या जीवाची काळजी घेणे आपल्या धर्माला परके नाही. जनावराला विनाकारण यातना होऊ देऊ नयेत, या आज्ञेला 'त्साआर बाअले हायिम' असे नाव आहे. ओझ्याखाली कोसळलेले गाढव शत्रूचे असले तरी त्याला मदत करावी, असे तोरा सांगते. आपल्या दावणीच्या जनावराला चारा घातल्याशिवाय स्वतः घास घेऊ नये, असे तलमूदमध्ये सांगितले आहे. तेव्हा आजारी कुत्र्याविषयी विचारताना कोणी मान खाली घालू नये.

गाठ म्हणजे कर्करोगच असे नाही

कुत्र्यांना अनेक प्रकारचे कर्करोग होतात. त्यांतील वारंवार आढळणारा एक म्हणजे लिम्फोमा, अर्थात लसिकाग्रंथींचा कर्करोग. मोतीला हाच झाला होता, म्हणून आज त्याच्याविषयीच सांगते.

मोती आमचा नऊ वर्षांचा, कनानी जातीचे रक्त असलेला मिश्र कुत्रा. त्याच्या मानेवरची गोचीड काढताना जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी माझ्या हाताला लागल्या. दाबल्या तरी तो कळवळला नाही. जेवत होता, जिने चढत होता, दारावरची घंटा वाजली की धावत होता. या रोगाचे स्वरूपच असे आहे. बहुतेक कुत्र्यांत प्रथम दिसतात त्या न दुखणाऱ्या, टणक, रबरासारख्या गाठी. जनावर आजारी दिसू लागते ते पुढे.

तरीही गाठ लागताच कर्करोग असे ठरवून रडू नये. आपल्या देशात गोचिडीपासून होणारा एर्लिखिओसिस आणि वाळूमाशीपासून होणारा लेश्मानिओसिस हे दोन्ही संसर्ग आहेत, आणि दोहोंतही लसिकाग्रंथी सुजू शकतात. कातडीखालची मऊ गाठ पुष्कळदा नुसती चरबीची असते. डोळ्यांनी किंवा बोटांनी निदान होत नाही. पशुवैद्य बारीक सुईने गाठीतील पेशी काढून काचपट्टीवर तपासतात. या तपासणीस बहुधा भूलही द्यावी लागत नाही, काही मिनिटांत ती आटोपते. कधी कधी एवढ्याने भागत नाही, मग गाठीचा तुकडा किंवा संपूर्ण ग्रंथी काढून तपासणीस पाठवावी लागते.

येथे एक सूचना आग्रहाने करते. निदान पक्के होण्यापूर्वी घरातील उरलेल्या प्रेडनिसोनच्या किंवा तत्सम स्टिरॉइडच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. आपल्या औषधांच्या डब्यात दम्याच्या, संधिवाताच्या निमित्ताने त्या बहुधा असतातच. त्यांनी गाठी झपाट्याने बसतात आणि घरच्यांना बरे वाटते. परंतु त्यामुळे सुईच्या तपासणीत रोग लपू शकतो आणि पुढे दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीस पेशी दाद देईनाशा होऊ शकतात.

निदानात काय काय ठरते

लिम्फोमा ठरला की पशुवैद्य आणखी दोन गोष्टी पाहतात. पहिली म्हणजे पेशींचा प्रकार. हा रोग 'बी' पेशींचा असतो किंवा 'टी' पेशींचा. बी प्रकार अधिक आढळतो आणि तो उपचारांना सामान्यतः अधिक काळ दाद देतो. दुसरी म्हणजे रोगाची व्याप्ती. तिच्या पाच पायऱ्या मानतात. एकाच ग्रंथीत असेल तर पहिली. शेजारच्या एकाहून अधिक ग्रंथींत असेल तर दुसरी. सर्व शरीरातील ग्रंथींत असेल तर तिसरी. यकृत किंवा प्लीहा यांत पोहोचला तर चौथी. रक्त, अस्थिमज्जा अथवा इतर अवयवांत गेला तर पाचवी. यांखेरीज कुत्रा बाह्यतः ठणठणीत आहे की आजारी दिसतो, याचीही नोंद करतात, कारण ठणठणीत असताना उपचार सुरू झालेले कुत्रे अधिक चांगला प्रतिसाद देतात.

मोतीचा रोग बी प्रकारचा आणि तिसऱ्या पायरीचा निघाला. माणसांच्या वॉर्डात 'तिसरी पायरी' म्हटले की आमचे चेहरे गंभीर होत. कुत्र्यांच्या लिम्फोमात बहुतेकांचे निदान तिसऱ्या किंवा त्यापुढच्याच पायरीवर होते, आणि एवढ्याने आशा सोडण्याचे कारण नसते.

उपचार न केल्यास हा रोग सामान्यतः चार ते सहा आठवड्यांत कुत्र्याला घेऊन जातो, म्हणून निर्णयाला फार दिवस मिळत नाहीत. पण घाईने, त्याच टेबलापाशी उभ्या उभ्या होकार देण्याचीही गरज नसते. दोन-तीन दिवस घरी बसून बोलावे.

केमोथेरपीचा हेतू येथे वेगळा आहे

आमच्या घरी हे बोलणे सोपे झाले नाही. माझे यजमान कर्करोगाने गेले, त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. मोती मूळचा त्यांचाच कुत्रा. माझी मुलगी म्हणाली, "आई, पप्पांच्या वेळी जे पाहिलं, ते पुन्हा पाहायचं का? आणि पप्पांना निदान कळत तरी होतं की हे कशासाठी चाललंय. ह्याला काय सांगणार?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. पुष्कळ कुटुंबे याच भीतीने पशुवैद्याकडे पाठ फिरवितात, म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यावे.

माणसाच्या कर्करोगात आम्ही रोग समूळ जावा यासाठी झटतो. बरा झाला तर तो आणखी तीस-चाळीस वर्षे जगेल, या आशेवर शरीराला सोसेल तितकी जास्त मात्रा दिली जाते. उलट्या, तोंड येणे, केस जाणे, इस्पितळात पडून राहणे, हे सारे त्या आशेची किंमत म्हणून रुग्ण समजून उमजून सोसतो. कुत्र्याला उद्याची आशा कळत नाही. त्याच्यासाठी आजचा दिवस हेच सर्वस्व. म्हणून पशुवैद्यकात मात्रा मुळातच अशी बेतलेली असते की उपचारांच्या काळातही त्याचे जगणे सुखाचे राहावे. रोग समूळ जाणे विरळा. रोग मागे सारून चांगले दिवस मिळविणे, एवढाच येथे हेतू असतो. या तडजोडीमुळे बहुतेक कुत्री केमोथेरपी पुष्कळच सहज सोसतात. बहुतेक जातींच्या कुत्र्यांचे केसही जात नाहीत. मिशा गळतात आणि पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे केस विरळ होतात, इतकेच.

हे समजल्यावर मुलगी म्हणाली, "मग एकदा करून बघू. पण त्याला त्रास झाला तर थांबायचं." उपचार सुरू करण्याआधी घरात ठरवावा असा याहून चांगला करार मला सुचत नाही.

चार औषधे

लिम्फोमासाठी चार औषधांचा एकत्रित उपचार प्रचलित आहे. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'चॉप' म्हणतात. हीच औषधे मी माणसांच्या वॉर्डातही देत असे.

विन्क्रिस्टिन हे पहिले. ते सदाफुलीपासून मिळते, तीच गुलाबी फुलांची सदाफुली जी कोकणात प्रत्येक अंगणात असे. ऐकून कोणी सदाफुलीचा पाला वाटून कुत्र्याला पाजू नये. ती वनस्पती विषारी आहे, आणि औषध त्यातून शुद्ध करून, मिलिग्रॅमच्या अंशांनी मोजून शिरेतून देतात. दुसरे सायक्लोफॉस्फमाइड. त्याने मूत्राशयाच्या आतल्या अस्तरास इजा होऊन लघवीतून रक्त जाऊ शकते. म्हणून ते दिलेल्या दिवशी कुत्र्याला भरपूर पाणी द्यावे आणि वारंवार बाहेर न्यावे. तिसरे डॉक्सोरुबिसिन, लाल रंगाचे. ते शिरेबाहेर सांडले तर आसपासचे मांस जळते, आणि एकूण मात्रा वाढत गेली तर हृदयावर परिणाम करते, म्हणून हृदयाची तपासणी आधी करून घेतात. चौथ्या, प्रेडनिसोनच्या गोळ्या घरीच द्यावयाच्या असतात आणि सुमारे महिनाभरात त्या हळूहळू कमी करीत बंद करतात.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या नावाने ओळखला जाणारा क्रम सुमारे २५ आठवड्यांचा आहे. पहिल्या आठवड्यात विन्क्रिस्टिन, दुसऱ्यात सायक्लोफॉस्फमाइड, तिसऱ्यात पुन्हा विन्क्रिस्टिन, चौथ्यात डॉक्सोरुबिसिन आणि पाचवा आठवडा विश्रांतीचा. अशी चार आवर्तने होतात, आणि पुढच्या आवर्तनांत दोन औषधांमधील अंतर वाढविले जाते. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासतात. पांढऱ्या पेशी कमी असतील तर तो आठवडा पुढे ढकलतात. अशा वेळी चिडू नये, ती त्याच्या सुरक्षिततेची खूण आहे.

आपला कुत्रा कोली किंवा ऑस्ट्रेलियन शेफर्ड वंशाचा असेल तर हे आधीच सांगावे. या जातींतील पुष्कळ कुत्र्यांत 'एमडीआर-१' या जनुकात दोष असतो, त्यामुळे विन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन यांची नेहमीची मात्राही त्यांना घातक ठरू शकते. रक्ताच्या किंवा गालाच्या आतल्या पेशींच्या तपासणीने तो दोष कळतो.

या उपचाराने दहांपैकी आठ ते नऊ कुत्र्यांत गाठी पूर्ण किंवा बऱ्याच अंशी बसतात. बी प्रकारात त्यानंतरचे आयुष्य साधारण वर्षभराचे असते. काही थोडी कुत्री दोन वर्षांच्याही पुढे जातात. टी प्रकारात हा काळ बहुधा कमी असतो.

चॉप हीच एक वाट नाही. केवळ डॉक्सोरुबिसिन दर तीन आठवड्यांनी देता येते. त्यात फेऱ्या आणि खर्च कमी, मिळणारा काळही कमी. केवळ प्रेडनिसोन दिल्यास एक-दोन महिने बरे जातात. आणि काहीच न देता केवळ वेदना, भूक आणि विसावा यांची काळजी घेणे, हाही उपचारच आहे. येथे कुत्र्याला कुपत होलिम नाही. प्राण्यांचा विमा असला तरी आधीपासून असलेला आजार त्यात सहसा धरत नाहीत. म्हणून औषधे, रक्ततपासण्या आणि अडीअडचणीला लागणारे दाखल होणे, या सर्वांचा अंदाज पशुवैद्याकडून लेखी घ्यावा. हिब्रू विद्यापीठाच्या कोरेट पशुवैद्यक विद्यालयाचे स्वतःचे शिक्षण-रुग्णालय आहे. दुसरे मत हवे असेल तर आपल्या पशुवैद्याकडून तेथील चिठ्ठी मागता येते. मुलांचे शिक्षण किंवा घरभाडे बाजूला ठेवून हा खर्च करावा, असे मी कोणालाही सांगणार नाही. प्रेडनिसोनवर ठेवलेल्या कुत्र्याच्या घरात प्रेम कमी असते, असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

घरची शुश्रूषा

औषध दिले जाते ते दवाखान्यात, पण त्याचे परिणाम दिसतात ते घरी. आमच्या स्वयंपाकघरात एक वही टांगलेली होती. तीत रोज तीन गोष्टी लिहीत असू: खाल्ले किती, शौच कसे झाले, ताप किती. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते, हे लक्षात ठेवावे, नाहीतर आपल्या मापाने पाहून घाबरायला होते. औषधानंतर साधारण पाच ते दहा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात ताप ३९.५ च्या वर गेला किंवा कुत्रा अगदी मलूल झाला, तर सकाळची वाट पाहू नये. दुसऱ्या विन्क्रिस्टिननंतर सहाव्या रात्री मोतीचा ताप ४०.१ झाला. रात्री अकराला त्याला घेऊन गेलो. शिरेतून प्रतिजैविके आणि सलाइन मिळाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो चालत घरी आला. वही नसती तर त्या रात्री आम्ही त्याला केवळ दमलेला समजलो असतो.

रात्री तो झोपेत असताना श्वास मोजावेत. मिनिटाला तीसच्या आत असावेत. सतत अधिक येऊ लागले तर कळवावे. उलट्या आणि जुलाब एखादा दिवस होऊ शकतात. त्यासाठीची औषधे आधीच लिहून घेऊन घरात ठेवावीत. आपल्या डब्यातील पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कदापि देऊ नये. कुत्र्यांना ती विषासमान ठरू शकतात.

आता घरातील माणसांच्या सुरक्षिततेविषयी. औषधानंतर दोन-तीन दिवस कुत्र्याच्या लघवीत, विष्ठेत आणि उलटीत औषधाचे अंश असतात. साफ करताना हातमोजे घालावेत, त्याची अंथरुणे वेगळी धुवावीत, मुले खेळतात त्या वाळूत त्याला नेऊ नये. गर्भवती स्त्रीने हे काम करू नये. गोळ्या फोडू किंवा कुटू नयेत. मात्र त्याला थोपटण्यात, जवळ घेण्यात धोका नाही, नातवंडांना दूर ठेवण्याचे कारण नाही.

खाण्याच्या बाबतीत आपल्या समाजासाठी काही खास गोष्टी सांगितल्या पाहिजेत. किद्दुशसाठी आपण काळ्या मनुकांचे शरबत करतो. गाळून उरलेला चोथा कुत्र्यापुढे कधीही टाकू नये. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि केमोथेरपी चालू असताना तर तो धोका पत्करणे नकोच. मलिद्यातही मनुका असतात, तेव्हा तबक उंचावर ठेवावे. कांदा-लसूण त्याच्या रक्तपेशी नष्ट करतात, नारळाच्या दुधाचे तेलकट कालवण पोट बिघडविते. मळमळत असेल तर उकडलेली कोंबडी आणि मऊ भात, मीठ-मसाल्याशिवाय, थोडे कोमट करून द्यावे. कच्चे मांस या काळात टाळावे, कारण त्यातील जंतूंशी लढण्याची शक्ती त्याच्यात नसते.

पेसाह येईल तेव्हा कुत्र्याचे कोरडे खाद्य वाचून पाहावे. त्यात गहू असेल तर ते हामेत्स आहे आणि घरात ठेवता येत नाही. आजारी कुत्र्याचे अन्न एकाएकी बदलले तर त्याचे पोट बिघडते, म्हणून दहा दिवस आधीपासून हळूहळू बदल सुरू करावा. आपण बेने इस्राएल पेसाहमध्ये भात खातो, त्यामुळे कोंबडी-भाताची सोय आपल्या घरी असतेच. शब्बाथला औषध देणे, ताप मोजणे, आपत्काळी दवाखाना गाठणे, याबाबत उपचार सुरू होण्यापूर्वीच आपल्या रब्बींना विचारून ठेवावे. ऐन शुक्रवारी संध्याकाळी विचार करीत बसण्याची पाळी येऊ नये.

थांबण्याची वेळ

पंचवीस आठवडे संपले तेव्हा मोतीच्या गाठी पूर्ण बसलेल्या होत्या. त्यानंतरचे सहा महिने त्याला औषध नव्हते. तो पुन्हा जिने चढू लागला, माझ्या सैन्यातील नातवाची दर शुक्रवारी दाराशी वाट पाहू लागला. तेराव्या महिन्याच्या सुरुवातीला जबड्याखाली पुन्हा गाठी लागल्या.

रोग उलटल्यावर दुसरी औषधे देता येतात. परंतु प्रत्येक वेळी यश मिळण्याची शक्यता कमी आणि मिळणारा काळ थोडा होत जातो. येथे घरच्यांची खरी कसोटी लागते. पहिल्या वेळी जी औषधे लागू पडली ती पुन्हा पडतील, असे मनाला वाटत राहते. आम्ही आमचा करार आठवला आणि केवळ प्रेडनिसोनवर त्याला ठेवले.

अशा वेळी निर्णयासाठी मोजपट्टी असावी. अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अॅलिस व्हिलालोबोस यांनी सात गोष्टींची एक मोजपट्टी तयार केली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीस शून्य ते दहा गुण द्यावेत, दहा म्हणजे उत्तम. बेरीज ३५ च्या वर असेल तर घरची शुश्रूषा चालू ठेवण्याजोगी आहे, असे त्या मानतात. मी त्यात परिचारिकेची एक सवय जोडली. घरातील प्रत्येकाने हे गुण वेगवेगळे लिहावेत आणि मग ताडून पाहावेत. दिवसभर जवळ असणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही. आठवड्याने येणाऱ्याला ती दिसते. आमच्या घरी मी ४१ लिहिले होते, नातवाने २९. आम्ही दोघे एकेका ओळीवर बोललो. आनंदाच्या ओळीवर त्याने दोन लिहिले होते. मी विचारले, "दोनच का?" तो म्हणाला, "आजी, या शुक्रवारी तो दाराशी आला नाही. नुसती शेपटी हलवली."

रब्बींना विचारले. असाध्य यातना भोगणाऱ्या जनावराला वेदनेविना मरण देण्यास मज्जाव नाही, असे त्यांनी सांगितले. हे काम पशुवैद्य घरी येऊनही करतात. प्रथम गुंगीचे इंजेक्शन, तो गाढ झोपल्यावर दुसरे. काही मिनिटांत श्वास आणि हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात, कधी स्नायू किंचित हलतात, क्वचित एखादा खोल श्वास निघाल्यासारखे होते. हे आधी माहीत असावे म्हणून सांगते, त्याला वेदना होत आहेत असा त्याचा अर्थ नसतो. ज्यांना जवळ बसायचे असेल त्यांनी बसावे. ज्यांना बाहेर थांबायचे असेल त्यांना कोणी बोल लावू नये.

लहान मुलांना "त्याला झोपवलं" असे सांगू नये. मुले मग रात्री झोपायला घाबरतात, किंवा तो कधी उठेल म्हणून विचारीत राहतात. "तो फार आजारी होता, डॉक्टरांना त्याला बरं करता येईना, म्हणून त्याला त्रास न होता मरू दिलं," असे साध्या शब्दांत सांगावे. जनावरासाठी आपल्या धर्मात शिवा नाही, कद्दिश नाही. विधी नसल्याने दुःख नसते असे मात्र नाही. ते कोणाला सांगावे हे कळत नाही, इतकेच. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत तर दिवसाची वेळच कुत्र्याच्या फेऱ्यांनी बांधलेली असते, आणि तो गेल्यावर सकाळ कशी सुरू करावी हेच समजेनासे होते. आपल्या शेजारी असे कोणी असेल तर "कुत्राच तर होता" असे न म्हणता पहिले काही दिवस सकाळच्या वेळी त्यांच्याबरोबर फिरायला जावे.

ज्यांची कुत्री आज धडधाकट आहेत त्यांनी एवढे करावे. प्रत्येक रोश होदेशला, म्हणजे महिन्यातून एकदा, दोन मिनिटे हाताने तपासावे. जबड्याच्या कोनाखाली, खांद्याच्या पुढच्या खळगीत, काखेत, जांघेत आणि मागच्या गुडघ्याच्या पाठीमागे, दोन्ही हातांनी एकाच वेळी चाचपावे, म्हणजे डावी-उजवी बाजू ताडून पाहता येते. गोचिडींवरचे आणि वाळूमाशीवरचे औषध चुकवू नये. उद्यानांत शेणकिडे खाल्ल्याने कुत्र्यांना जो 'तोलाअत हापार्क' नावाचा जंत होतो, तो अन्ननलिकेत गाठी करतो आणि त्यांतील काहींचा कर्करोग होतो. त्याच्या प्रतिबंधाचे औषध दर महिन्याला मिळते, तेही त्याच दिवशी द्यावे. नवी गाठ लागली तर तारीख आणि आकार लिहावा आणि त्याच आठवड्यात सुईची तपासणी करून घ्यावी. ज्या तीन कुटुंबांनी मला विचारले, त्यांतील एकाच्या कुत्र्याची गाठ गोचिडीच्या तापाची निघाली. चार आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बरा झाला.